काळं रक्त म्हणजे घाण रक्त नव्हे

पत्र: आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझे सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो) ६८ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि हृदयात स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात गावातल्या आरोग्य शिबिरात त्यांचं रक्त काढलं तेव्हा ते नळीत काळपट दिसलं. शेजारी बसलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "रगत काळें पडलां तुमचें, तें साफ करपाक जाय." तेव्हापासून मामांनी ते मनाला लावून घेतलंय. बाजारातून रक्तशुद्धीची बाटली आणलीय, आता कुणाकडून तरी जळवा लावून घ्यायच्या म्हणतात. गोळ्या नीट घेतात की नाही याचीही मला शंका आहे. त्यात माझा आठवीतला मुलगा सांगतो की शरीरात रक्त निळं असतं आणि हवा लागली की लाल होतं. पुस्तकातलं हृदयाचं चित्र तो आजोबांना दाखवतो आणि मामा म्हणतात, "बघ, निळं म्हणजे अशुद्धच!" नेमकं खरं काय? आणि मामांना समजवायचं कसं?
(एक सून, डिचोली)

उत्तर:

वहिनी,

रंगाचं सगळं सांगते, पण आधी गोळ्यांचं बोलू. स्टेंट घातलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आपल्या मनाने सोडल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की मामांची गोळ्यांची पाकिटं बघा. किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात, ते मोजा. चुकल्या असतील तर रागावू नका. उद्या सकाळीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी किती दिवस चुकली ते सांगा आणि ते म्हणतील तशी सुरू करा. बाजारातली ती बाटली तोवर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. आत काय आहे हे बाटलीवर धड लिहिलेलं नसेल, तर मधुमेहाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांबरोबर ती पोटात जाता कामा नये.

आणि जळवा नकोतच. जळू चावते तेव्हा तिच्या लाळेतलं हिरुडिन नावाचं द्रव्य रक्त गोठू देत नाही. ती सुटून पडली तरी जखम कितीतरी तास पाझरत राहते. ज्याचं रक्त आधीच गोळ्यांनी पातळ ठेवलंय आणि मधुमेहामुळे ज्याच्या जखमा सावकाश भरतात, त्याच्या अंगावर हा प्रयोग करायचा नसतो. मोठ्या इस्पितळांत आजही जळवा वापरतात, हे कुणीतरी मामांना सांगेल आणि ते खरंही आहे. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर त्यात रक्त तुंबून राहिलं तर ते उपसायला शल्यचिकित्सक जळू लावतात. तिथे अडचण रक्त साठून राहण्याची असते. ते रक्त वाईट आहे म्हणून कुणी काढत नाही.

आता रंगाकडे येते. रक्त काढणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम आहे. "इतकं काळं कसं हो?" हा प्रश्न मी समोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा ऐकलाय, की मामांचा चेहरा कसा उतरला असेल ते मला न बघताही कळतं. म्हणून ठामपणे लिहिते: शिरेतून काढलेलं रक्त गडदच दिसतं. मामांचं तसंच, तुमचं तसंच, शिबिरात रक्त काढणाऱ्या मुलीचंही तसंच.

माणसाचं रक्त लाल असतं. फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन निघालेलं रक्त भडक लाल, आणि शरीरभर फिरून परत येणारं रक्त गडद, किरमिजीकडे झुकणारं लाल. या दोन छटांच्या पलीकडे निरोगी माणसाच्या रक्ताला तिसरा रंग नाही. हृदयाच्या उजव्या बाजूला नाही, पायाच्या शिरेत नाही, कुठेच नाही.

हा लाल रंग येतो हिमोग्लोबिनमुळे. रक्ताच्या एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि एकेका अणूला प्राणवायूचा एक रेणू धरता येतो. म्हणजे प्रत्येक फेरीला चार जागा. मामांना सांगायला सोपं जाईल असं सांगते. बेतीहून निघालेली फेरीबोट पणजीला लागली, पण चारांतला एकच प्रवासी उतरला आणि बाकीचे तिघे बसूनच परत आले, तसं हे आहे. माणूस स्वस्थ बसलेला असेल तर शिरेतल्या परतीच्या रक्तात सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू अजून शिल्लक असतो. ज्या रक्ताला आपण "संपलेलं", "वापरलेलं" म्हणतो त्याची तीन-चतुर्थांश पुंजी तशीच असते. प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनच्या रेणूची ठेवण किंचित बदलते, तो लाल प्रकाश जास्त शोषू लागतो आणि रक्त गडद दिसतं. रंगातला फरक तेवढ्यापुरता. त्यावरून प्राणवायू किती आहे ते कळतं, रक्त स्वच्छ आहे की नाही ते कळत नाही.

त्यात शिबिराची परिस्थिती लक्षात घ्या. दंडाला रबरी पट्टा आवळून बांधतात, मूठ आवळायला सांगतात, शीर सापडेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात हाताचे स्नायू अडकलेल्या रक्तातला आणखी प्राणवायू ओढून घेतात. नळीत हवा नसते, तिच्यात मुद्दाम निर्वात ठेवलेली असते म्हणून तर रक्त आपोआप आत ओढलं जातं. म्हणजे प्राणवायू मिळायची सोय नाही. आणि नळीतला थर जाड असतो, तो प्रकाश आरपार जाऊ देत नाही. त्याच नळीतला एक थेंब काचपट्टीवर पसरला की तो पातळ लाल दिसतो. तीच पट्टी, कुठलाही रंग न घालता, सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर एकेकटी लाल पेशी लाल दिसतच नाही. फिकट, पिवळसर झाक असलेली, मध्ये जराशी खोलगट चकती दिसते. एका थेंबात अशा सुमारे २५ कोटी चकत्या असतात. त्या एकावर एक आल्या की लाल, आणखी दाटल्या की काळपट. नळीतलं "काळं" ते एवढंच.

तुमच्या मुलाचं मात्र पूर्ण चुकलेलं नाही, त्याला तसं सांगा. हवेशी संबंध आला की रक्ताचा रंग उजळतो हे खरं आहे. रिचर्ड लोअर या इंग्रज वैद्याने १६६९ साली हेच दाखवलं होतं. भांड्यात गोठलेल्या रक्ताचा वरचा थर भडक आणि खालचा काळपट असतो. गोळा उलटा केला की काळपट बाजूही हवेत उजळते. त्यावरून त्याने ओळखलं की फुप्फुसांतही रक्त हवेतून काहीतरी घेतं आणि म्हणून लाल होतं. प्राणवायूचा शोध लागायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती. पण नीट बघा, रंग गडद लालपासून भडक लालकडे गेला. निळं कुठेच नव्हतं. मुलाचा सिद्धांत खरा असता, तर त्या निर्वात नळीत, जिथे हवाच नाही, रक्त निळं उतरलं असतं. मामांच्या नळीत ते निळं होतं का, एवढं त्याला विचारा.

पुस्तकातला निळा हा चित्रकाराने शिरा आणि धमन्या वेगळ्या कळाव्यात म्हणून वापरलेला रंग आहे. नकाशात नदी निळी आणि रस्ता तांबडा काढतात, ती सोय. दोष आहे तो चित्राखाली तसं न लिहिण्याचा. मुलं चित्र पाहतात, मग स्वतःचं मनगट पाहतात, तिथे शिरा खरंच निळ्या-हिरव्या दिसतात आणि दोन्ही गोष्टी डोक्यात घट्ट बसतात. तेव्हा शिरा निळ्या का दिसतात, हे त्याला सांगायलाच हवं.

अंगावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग कातडीत फार खोल जात नाही, वरच्या वरच शोषला जातो किंवा परततो. लाल भाग खोल जातो. खाली शीर नसेल तर तो मांसातून विखरून बराचसा परत डोळ्यापर्यंत येतो. शीर असेल तर तिच्यातलं गडद रक्त त्यातला बराच भाग गिळून टाकतं. मग शिरेवरच्या कातडीतून येणारा लाल प्रकाश आजूबाजूच्या मानाने कमी पडतो, निळा तेवढाच राहतो आणि डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करून ती पट्टी "निळी" ठरवतो. अल्विन किन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याची मोजणी केली. शीर किती खोल आहे, किती जाड आहे आणि तिच्यातलं रक्त किती गडद आहे, यावर ती किती निळी दिसणार ते ठरतं. आपल्यासारख्या गव्हाळ कातडीत पिवळसर छटा मिसळते, म्हणून आपल्या शिरा बऱ्याचदा हिरवट वाटतात. हिरवं रक्त आहे असं मात्र कुणी म्हणत नाही!

हे घरी करून बघता येतं. मनगटाचा दिवसाउजेडी मोबाईलवर फोटो काढा, शीर दिसते तो भाग मोठा करा आणि कागदाला बारीक भोक पाडून तो असा धरा की भोकातून फक्त शीर दिसेल, बाजूची कातडी झाकली जाईल. निळा रंग नाहीसा होतो, राखाडी-मातकट ठिपका उरतो. कागद काढला की शीर पुन्हा निळी. रात्री दिवे बंद करून मोबाईलची बॅटरी बोटाच्या टोकाला चिकटवून लावा, बोट लालभडक उजळेल. शिरांसकट सगळं रक्त त्याच बोटात आहे. मुलाने हे आजोबांच्या बोटावर करून दाखवलं तर आणखी चांगलं.

मामांची मूळ अडचण मात्र निळ्या रंगाची नाही, "अशुद्ध" या शब्दाची आहे. आमच्या पिढीने शाळेत "शुद्ध रक्त" आणि "अशुद्ध रक्त" असंच पाठ केलं. त्यात अशुद्ध म्हणजे प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, इतकाच अर्थ होता. पण शब्द घरात आला आणि त्याला मळ चिकटला. मग फोड आली, रक्त अशुद्ध. खाज सुटली, रक्त अशुद्ध. त्यावर बाटली, त्यावर कडू काढा. हा शब्द पाठ्यपुस्तकांतून कायमचा जावा असं मला मनापासून वाटतं. कारण तो नुसता चुकीचा नाही, त्यापायी माणसं चालू गोळ्या सोडून देतात, हे तुम्ही तुमच्याच घरात बघताय.

रक्त साफ होतं ते आपोआप, अखंड. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेतात. अंगात रक्त साधारण पाच लिटर, यावरून ते किती वेळा गाळलं जात असेल बघा. यकृत औषधं आणि विषारी द्रव्यं फोडतं. प्लीहा जुन्या लाल पेशी वेचून काढते. एक लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्या जागी अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या तयार होतात. बाटलीतल्या कुठल्याही औषधाला या कामात भर घालता येत नाही. मूत्रपिंडं खरोखर थकली तर डायलिसिस लागतं. आणि मधुमेह सांभाळला नाही तर ती थकतात, मामांनी काळजी करायची ती ही.

याच्याच जोडीला एक गोष्ट मामांना शांतपणे सांगा. त्यांच्या रक्तात बिघडण्यासारखं जे आहे, त्याला रंग नाही. साखर वाढली तरी रक्त तेवढंच लाल. कोलेस्टेरॉल वाढलं, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन वाढलं, डोळ्याला काही दिसत नाही. साखर तर हिमोग्लोबिनलाच चिकटते. एचबीए१सी ही तपासणी म्हणजे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली त्याचं प्रमाण, आणि पेशी एवढे दिवस जगते म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हे चिकटणं नळीकडे पाहून जगातल्या कुणालाही ओळखता येणार नाही. रंगावरून निदान करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा कागदावरचा आकडा मामांच्या जास्त उपयोगाचा आहे.

प्रयोगशाळेत नळी उभी ठेवली किंवा यंत्रात फिरवली की लाल पेशी खाली बसतात, मध्ये पांढऱ्या पेशींचा केसाएवढा थर दिसतो आणि वर पिवळसर पाणी येतं, तो रक्तद्रव. निम्म्याहून जास्त रक्त म्हणजे हे पिवळसर पाणीच. आम्हाला रंगावरून काही कळत असेल तर ते इथे. कावीळ असेल तर हा थर गर्द पिवळा होतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेली असतील तर तो दुधट दिसतो. पण तेही शेवटी यंत्राने मोजावंच लागतं.

तुम्ही डिचोलीच्या, म्हणून लोहाचा एक गैरसमजही इथेच काढून टाकते. खाणींच्या भागात पावसाळ्यात तांबडं पाणी वाहताना सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे "रक्तात लोखंड आहे, ते गंजतं म्हणून रक्त लाल" हे तिकडे पटकन पटतं. खनिजाचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. रक्तातलं लोह एका कार्बन-नायट्रोजनच्या कड्यात जखडलेलं असतं आणि रंग त्या जोडीचा असतो. अशाच कड्यात लोहाऐवजी मॅग्नेशियम असलं की झाडाच्या पानातलं हरितद्रव्य होतं. हिमोग्लोबिनमधलं लोह खरोखर गंजल्यासारखं बदललं तर रक्त लाल राहत नाही, चॉकलेटी होतं आणि प्राणवायू सोडायला-धरायला निकामी होतं. डॅप्सोनसारख्या काही औषधांनी असं होऊ शकतं, आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार असलं तर तान्ह्या बाळांतही. त्यावर इस्पितळात शिरेतून मिथिलिन ब्लू नावाचं निळंच औषध देतात.

हेच तुम्ही रोज बाजारात वापरता. बांगडा घेताना कल्ला उचलून बघता ना? आत लालचुटूक असेल तर ताजा, तपकिरी झाला असेल तर शिळा. कल्ल्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन हळूहळू त्या चॉकलेटी रूपात जातं, म्हणून कल्ले तपकिरी होतात. आणि मुलाला निळं रक्त पाहायचंच असेल तर तेही स्वयंपाकघरात आहे. माणकी (स्क्विड) किंवा कुर्ली (खेकडा) साफ करताना लाल रक्त का येत नाही, हे त्याला विचारा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन नसतं, तांबं असलेलं हिमोसायनिन असतं. प्राणवायू नसताना ते जवळपास बिनरंगी आणि प्राणवायू मिळाला की निळसर. म्हणजे जिथे रक्त खरंच निळं आहे तिथे निळा रंग प्राणवायू असल्याची खूण आहे, त्याच्या समजुतीच्या अगदी उलट. अंटार्क्टिकाच्या समुद्रात तर आइसफिश नावाचे मासे आहेत, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं पारदर्शक. इतक्या थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून त्यांचं निभतं. योहान रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जाणकारांनाही नवल वाटलं होतं. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा जिथून आखल्या जातात ते राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आपल्या वास्कोत, हेडलँड सड्यावर आहे. मुलाला रस असेल तर हा धागा पकडू द्या.

आता ज्या गैरसमजाने माणसं दगावतात तो. साप चावला की "विष भिनलं, रक्त निळं पडलं" म्हणतात आणि जखमेवर चिरा देऊन "काळं रक्त" काढतात. विषाने रक्त निळं होत नाही. नाग आणि मण्यारच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, प्राणवायू घटतो, आणि म्हणून ओठ-नखं निळसर दिसतात. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायची ताकद जाते. अशा माणसाला चिरा दिल्या तर ते रक्त थांबणारच नाही. इस्पितळात त्याचं थोडं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून बघतात. गोठलं नसेल तर विष भिनलंय. तिथे रक्ताचा रंग कुणी पाहत नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचंही नाही. हात किंवा पाय स्थिर ठेवून १०८ ला फोन करायचा, प्रतिविष असलेल्या इस्पितळात पोचायचं.

खाण्याचंही थोडं. शेजारी आता मामांना बीट आणि डाळिंबाचा रस सुचवतील, "लाल खाल्लं की रक्त वाढतं" म्हणून. बिटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा आहे, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. उलट रसाने मधुमेहीची साखर चढते. कमी असलंच तर तांबडी भाजी, कुळीथ, तिसऱ्या यांतून लोह मिळतं, वर लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. पण आधी हिमोग्लोबिन मोजा. पुरुषांत १३ च्या खाली असेल तर ते का कमी झालं हे डॉक्टरांनी शोधायला हवं. मामांच्या वयात नुसतं लोह देऊन गप्प बसायचं नसतं.

याचं कारण असं. ज्या काळ्या रक्ताला खरोखर घाबरायचं, ते शौचातलं. पोटात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला की आम्लाने आणि पचनाने रक्त काळं होतं आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका जास्त. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते चिकट आणि तसं दुर्गंधी नसतं. मामांना असं कधी दिसलं, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा. त्यांनी हे तुम्हाला संकोच न करता सांगायला हवं, आणि पुरुष माणसं हे सुनेला सांगत नाहीत. म्हणून ही जबाबदारी त्यांच्या मुलाकडे द्या.

निळ्या रंगाकडे लक्ष द्यायचं ते ओठ आणि जिभेवर. नदीत फार वेळ डुंबून आलेल्या पोराचे ओठ निळे पडतात आणि अंग गरम झालं की परत येतात, त्यात काही नाही. पण जीभ निळसर दिसली, धाप लागली, तर तो प्राणवायू घटल्याचा इशारा आहे. सावळ्या रंगावर कातडी पाहून कळत नाही, जीभ आणि ओठांची आतली बाजूच बघायची. अंगात रक्त कमी असेल तर प्राणवायू घटूनही निळेपणा दिसत नाही, म्हणून निळं नाही म्हणजे ठीक, असंही धरू नका.

कोविडच्या काळात घराघरांत आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तुमच्याकडे असेल. ते रक्ताच्या रंगावरच चालतं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही युक्ती आहे. एक लाल आणि एक अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश बोटातून पाठवायचा आणि प्रत्येक ठोक्याला कुठला किती शोषला गेला ते बघायचं. पण त्यालाही एक रंग फसवतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालवला की कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी पट घट्ट चिकटतो आणि रक्त उलट भडक लाल दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९९ दाखवतं. तुमच्याकडे असा गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या.

मामांना समजवायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. नुसतं बोलून समजतील असं मला वाटत नाही, त्यांनी काळं रक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून त्यांना डोळ्यांनीच दुसरं काहीतरी दाखवा. त्यांच्या पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत जा आणि तुमचंही हिमोग्लोबिन करून घ्या. देशपातळीवरच्या २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा तुम्हालाही ही तपासणी हवीच. रक्त काढणाऱ्या ताईंना आधीच सांगा की दोन्ही नळ्या शेजारीशेजारी धरून सासऱ्यांना दाखवायच्या आहेत. कुणीही दाखवेल, आम्हाला असं कुणी विचारलं की आनंदच होतो. तुमची निरोगी नळी आणि त्यांची नळी सारखीच काळपट दिसेल. मग त्याच टोचणीत त्यांचं एचबीए१सी आणि क्रिएटिनिनही करून घ्या. या दोन्हींसाठी उपाशीपोटी राहावं लागत नाही, त्यामुळे सकाळचा नाश्ता आणि गोळ्या वेळेवर घेऊनच त्यांना घराबाहेर काढा.